वाचक विचारतात : विद्यार्थ्याच्या खिशात विमान बसतं का?

विमान शिकण्याबद्दल कॉलेजच्या मुलामुलींकडून आणि काही पालकांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकच मुद्दा बऱ्याच पत्रांत होता, तिथे एक प्रतिनिधी प्रश्न निवडला आहे.

प्रश्न : मी पुण्यात एस.वाय. बी.कॉम.ला आहे. शिकवण्या घेऊन महिन्याला चारेक हजार वाचतात. पायलट व्हायला चाळीस-पन्नास लाख लागतात हे ऐकल्यावर घरी विषयच बंद झाला. मला नोकरी नको, फक्त उडायला शिकायचंय. काही वाट आहे का?

उत्तर : घरच्यांनी ऐकलेला आकडा व्यावसायिक परवान्याचा, म्हणजे सीपीएलचा आहे. त्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स मागतात. तुम्हाला हवा आहे तो खासगी परवाना, पीपीएल. त्याला दहावी पास, वय १७ आणि किमान ४० तास पुरतात. त्यातले २० तास एकट्याने उडवलेले हवेत. कॉमर्स आड येत नाही. त्याच्याही आधीचा विद्यार्थी परवाना, एसपीएल, सोळाव्या वर्षापासून मिळतो.

तरी हिशेब मांडून बघा. दोन आसनी किंवा चार आसनी सेसनाचा तास, इन्स्ट्रक्टर धरून, १५,००० रुपये समजू. क्लबागणिक तो कमी-जास्त असेल. चाळीस तासांत परवाना हातात घेणारे थोडेच, पन्नास धरा. झाले साडेसात लाख. तुमच्या बचतीने पंधरा वर्षं लागतील. पैसे साठतील तसा एकेक तास घेऊ, होईल हळूहळू, असा विचार करत असाल तर तो आधी सोडा. त्यात पैसे सर्वांत जास्त वाया जातात. एका तासाच्या उड्डाणात इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जायला आठ-दहा मिनिटं, सरावाच्या जागी जाण्या-येण्यात दहा-बारा मिनिटं जातात. उरलेल्या चाळीस मिनिटांतली पहिली पंधरा-वीस मागच्या वेळचा हात परत बसवण्यात जातात. आठवड्यात तीनदा उडणाऱ्याला हा भुर्दंड पडत नाही. म्हणून विमानाचे तास साठवून एकदम घ्या. नोकरी लागल्यावर दोन-तीन महिन्यांत सलग संपवा.

तोवर रिकामं बसायचं कारण नाही. क्रम असा ठेवा :

पहिला खर्च मेडिकलचा. क्लास टू मेडिकल डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाच्या, यादीतल्या परीक्षक डॉक्टरांकडे होतं. आधी त्यांच्या ईजीसीए पोर्टलवर खातं उघडायचं, दहावीची मार्कशीट आणि ओळखपत्र चढवायचं आणि मग वेळ घ्यायची. रक्त-लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान. काहींना अडकवतो तो रंगांचा तक्ता : ठिपक्यांतून आकडा ओळखायचा. रंगांधळेपणाची कल्पना अनेकांना तोपर्यंत नसते. हे पाच लाख भरल्यावर कळण्यापेक्षा काही हजारांत कळलेलं बरं. तुमच्या वयात हे मेडिकल दोन वर्षं चालतं.

दुसरं, ग्लायडर. तुम्ही पुण्यात आहात आणि हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. इंजिनच नाही म्हटल्यावर पेट्रोलचा खर्च नाही, आणि ग्लायडर इतकं स्वस्त असण्याचं निम्मं कारण तेच. विंच (ग्लायडरला तारेने ओढून वर चढवणारं जमिनीवरचं यंत्र), ग्लायडर आणि इन्स्ट्रक्टर या तिन्हींपैकी एक जरी जागेवर नसला तरी उड्डाण होत नाही, म्हणून निघण्याआधी चौकशी करा, आणि अर्धा दिवस हाताशी ठेवून जा. ग्लायडर ढकलत आणावं लागतं, पंखाचं टोक धरून पळावं लागतं, नोंदी ठेवाव्या लागतात. मैदानावर राबणाऱ्याचा नंबर लवकर लागतो, हा जगभरच्या ग्लायडर क्लबांचा अलिखित नियम आहे.

विंचची तार ग्लायडरला साधारण ३०० मीटरपर्यंत चढवते. तिथे तार सोडायची. ग्लायडर सेकंदाला मीटरभर खाली येतं, म्हणजे वर जाणारी हवा सापडली नाही तर पाच-सहा मिनिटांत जमिनीवर. वेळ थोडा वाटेल, पण प्रत्येक फेरीत एक टेक-ऑफ, एक सर्किट (मैदानाभोवतीचा ठरलेला फेरा) आणि एक लँडिंग होतं, आणि लँडिंग चुकलं तर पॉवर देऊन परत फिरायची सोय नसते. अंदाज घ्यायला शिकावंच लागतं.

कॅनॉपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, काचेवर बाहेरून लोकरीचा वीतभर दोरा चिकटवलेला असतो. अख्ख्या ग्लायडरमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारं उपकरण ते. हाताने स्टिक आणि पायाने रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, चालवायचं असतं. वळताना दोरा सरळ मागे राहिला तर हात आणि पाय जुळले. त्याची शेपटी डावीकडे गेली तर उजवा पाय कमी पडतोय. ग्लायडरचे पंख लांब असल्याने नुसती स्टिक वळवली की नाक आधी उलट्या बाजूला सरकतं, आणि ते थांबवायचं काम पायाचं. छोट्या विमानात हा दोष इतका ठळक दिसत नाही, म्हणून थेट विमानावर शिकलेल्यांचे पाय बरेचदा झोपलेले असतात. ग्लायडरवरून आलेला विद्यार्थी इन्स्ट्रक्टरला पहिल्या वळणातच ओळखू येतो.

पुढचं शिक्षण तार तुटण्याचं. तारेला मुद्दाम एक कमकुवत कडी असते, जी ताण वाढला की ग्लायडरच्या आधी तुटते. चढत असताना ती तुटली की नाक वर आणि वेग झपाट्याने कमी. हात आपोआप स्टिक मागे ओढतो, आणि तीच चूक. आधी नाक खाली, वेग परत आला का बघायचं, मगच सरळ पुढे उतरायचं की वळायचं ते ठरवायचं. हे मुद्दाम तार सोडून पुन्हा पुन्हा करून घेतात. जाता जाता, भारतात आखलेल्या ‘रोहिणी’ ग्लायडरमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक शेजारी-शेजारी बसत. आजच्या पुढे-मागे बसण्यापेक्षा चूक दाखवायला ती सोय बरी होती, असं आमच्यातल्या जुन्यांचं मत आहे. नव्यांना ते पटत नाही.

प्रश्न : नागपूरला एफ.वाय.ला प्रवेश घेतलाय. एनसीसीच्या एअर विंगमध्ये खरंच फुकट विमान उडवायला मिळतं का, की नुसती परेड?

उत्तर : दोन्ही. परेड दर आठवड्याला, विमान कधीमधी. महाराष्ट्रात एअर विंगच्या स्क्वाड्रन मुंबई, नागपूर आणि पुण्यात आहेत. कॅडेटला मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर उडायला मिळतं. पूर्वी झेन एअर होतं, नंतर पिपिस्ट्रेल कंपनीचं व्हायरस एसडब्ल्यू ८० आलं. पैसे लागत नाहीत. किती फेऱ्या मिळतील हे मात्र विमान दुरुस्तीत आहे का, इन्स्ट्रक्टर आहे का, हवा कशी आहे यावर. तीन वर्षांत परवाना मिळेल अशा समजुतीत राहू नका. हातात स्टिक येईल, रेडिओवरचं बोलणं कानावर पडेल, विमान जमिनीवर कसं हाताळतात ते कळेल.

तुमच्या कॉलेजात एनसीसी असेल, पण ती आर्मी विंग असू शकते. एअर विंग मोजक्या कॉलेजांत असते, म्हणून आधी ते विचारा. नावनोंदणी पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला होते आणि जागा थोड्या. धावणं, लेखी, तोंडी अशी निवड होते. एस.वाय.ला गेल्यावर आठवण झाली तर सी सर्टिफिकेटपर्यंतची (एनसीसीच्या सर्वांत वरच्या प्रमाणपत्रापर्यंतची) वर्षं भरत नाहीत. परेडची हजेरी आणि कॅम्प बुडाले की परीक्षेला बसू देत नाहीत. बहुतेक जण तिथेच गळतात, उड्डाणात नव्हे.

खरा फायदा पुढे आहे. एअर विंगचं सी सर्टिफिकेट असलं तर हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी एनसीसी स्पेशल एन्ट्री मिळते : हवाई दलाची एएफकॅट ही लेखी परीक्षा न देता थेट एएफएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला बोलावणं. पदवीला ६० टक्के आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्समध्ये प्रत्येकी ५० टक्के लागतात. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर. पायांची लांबीही मोजतात, कारण कॉकपिटची जागा ठरलेली असते. निवडीत सीपीएसएस नावाची वैमानिक-कल चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात तर फ्लाइंग शाखेचं दार कायमचं बंद. तेव्हा ‘सहज देऊन बघू’ म्हणून जाऊ नका. सर्वांत स्वस्तात विमान शिकायचं तर हाच रस्ता. पैसे सरकार भरतं, तुम्ही नोकरीची वर्षं देता.

प्रश्न : संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर खेळतो. हे तास कुठे धरतात का? याचा उपयोग किती?

उत्तर : घरचे तास कुठेच धरत नाहीत. लॉगबुकात जातात ते फक्त मान्यताप्राप्त सिम्युलेटरचे, तेही ठरावीक मर्यादेत. पण योग्य वापरलंत तर घरचा सिम्युलेटर विमानातले पाच-सात तास नक्की वाचवतो. फ्लाइटगिअर फुकट आहे. एक्स-प्लेन आणि मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर विकत. दांडी पिळून रडर देता येईल अशी जॉयस्टिक घ्या. कीबोर्डवर काहीही शिकता येत नाही.

सेसना १७२ निवडा आणि एअरबस विसरा. ७४ नॉट वेगाने चढायचं, २,००० फुटांवर सरळ करायचं आणि पाच मिनिटं उंची ५० फुटांच्या आत राखायची. आधी नाकाची जागा ठरवा, मग पॉवर, मग ट्रिम (हाताचा जोर न लावता नाक जागेवर ठेवणारं चाक). जॉयस्टिक सोडली तरी विमान जागेवर राहिलं पाहिजे. बहुतेक मुलं ट्रिम वापरतच नाहीत. खऱ्या विमानात तेच मग हँडल घट्ट धरून घामाघूम होतात.

सिम्युलेटरवरून आलेल्यांचा नेहमीचा दोष : डोळे पॅनेलवर. पडद्यावर बाहेरचं चित्र अरुंद दिसतं, म्हणून नजर काट्यांना चिकटते. खरं विमान दिवसा क्षितिज बघून उडवायचं असतं. समोर दुसरं विमान आहे का हे काटे सांगत नाहीत. उपाय साधा आहे : पॅनेलवर पुठ्ठा लावा, फक्त वेग दिसू द्या आणि सर्किट मारा. लँडिंगचा शेवटचा भाग, जमिनीलगत नाक उचलण्याचा, संगणकावर शिकायच्या भानगडीत पडू नका. तिथे खोली कळत नाही आणि चुकीची सवय लागते.

सिम्युलेटरचा सर्वांत चांगला उपयोग नेव्हिगेशनला. साठास एक हा नियम पाठ करा : ६० मैलांत एक मैल बाजूला गेलात तर चूक एका अंशाची. २० मैलांनंतर दोन मैल उजवीकडे गेलात म्हणजे सहा अंश चुकलात. सहा अंश डावीकडे वळलात तर मूळ रेषेला समांतर जाल. पुढच्या २० मैलांत रेषेवर यायचं असेल तर बारा अंश वळा. हे डोक्यात पाच सेकंदांत व्हायला लागलं की तुमच्या क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे लांबच्या उड्डाणांचे, पैसे वसूल.

परवान्याची लेखी परीक्षाही अशीच घरी बसून, फुकटात तयार होते. हवामान, नियम, नेव्हिगेशन, इंजिन : उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. उड्डाण सुरू करण्याआधी परीक्षा झालेली असली की विमानतळावरचे दिवस उडण्यातच जातात.

प्रश्न : कामशेतचं पॅराग्लायडिंग विमान शिकण्याची पहिली पायरी म्हणता येईल का? सेकंड-हँड पॅराग्लायडर घ्यावा का?

उत्तर : परवान्याच्या तासांत ते धरलं जात नाही. हवा समजण्यासाठी मात्र त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. डोंगराच्या वाऱ्याकडच्या अंगाला हवा वर चढते, पलीकडच्या अंगाला खाली कोसळते, दुपारी तापलेल्या जमिनीवरून बुडबुडे सुटतात : हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि हार्नेसमध्ये लटकून कळणं वेगळं. कामशेतचा हंगाम पावसाळा संपला की सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. पहिल्या कोर्सचे सुरुवातीचे दिवस सपाटीवर कापड डोक्यावर उभं धरण्यात जातात. मुलं कंटाळतात. त्यातच टाळाटाळ केलेले पुढे टेक-ऑफला पडतात.

पर्यटकांची दहा मिनिटांची टँडम फेरी म्हणजे शिक्षण नव्हे. कोर्स विचारताना इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र, रेडिओवर सूचना देतात का, आणि हवा नसेल त्या दिवसांचं काय, हे तीन प्रश्न विचारा.

जुना पॅराग्लायडर कोर्स संपेपर्यंत घेऊ नका. नंतर घ्यायचा तर ईएन-ए या नवशिक्यांसाठीच्या वर्गातलाच, आणि तुमचं वजन अधिक सामानाचं वजन त्याच्या वजनमर्यादेत बसतं का पाहून. मोठं कापड हलक्या माणसाला वाऱ्यात मागे ओढतं. उन्हात वापरून कापडातून हवा झिरपायला लागलेली असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तपासणीचा कागद मागा. रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून घडी घातलं ते विचारा. नवशिक्यांच्या पॅराग्लायडरचा हवेतला वेग ताशी ३६-३८ किलोमीटर असतो. वारा पंचविशीच्या पुढे गेला की पुढे सरकायला जेमतेम दहा-बारा किलोमीटर उरतात. त्या दिवशी चहा प्यावा.

प्रश्न (कोल्हापूरचे पालक) : मुलीला फ्लाइंग स्कूलला घालायचं ठरवलंय. सगळी फी एकरकमी भरली तर एक संस्था दहा टक्के सूट देते. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. विमान उडण्याआधी भरलेले पैसे परत मिळवणं हे विमान उडवण्यापेक्षा अवघड आहे. पाच किंवा दहा तासांचे पैसे भरा, ते संपले की पुढचे. तयार नसतील तर संस्था बदला.

भेट द्यायची ती आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी सातला. माहितीपत्रकात किती विमानं आहेत ते सोडा, त्या सकाळी किती विमानं उडताहेत ते मोजा. बाकीची हँगरमध्ये सुट्या भागांची वाट बघत असतात. मग विद्यार्थी किती ते विचारा. एका उडत्या विमानामागे वीस-पंचवीस विद्यार्थी असतील तर एका वर्षाचा कोर्स अडीच वर्षांवर जातो आणि वसतिगृहाचं भाडं तुमचं. तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठून गेल्या महिन्यात किती तास उडलास एवढं विचारा. संस्थेची मान्यता आणि तिची मुदत डीजीसीएच्या संकेतस्थळावर दिसते; २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची क्रमवारीही लावते.

दर विचारताना तो इंधनासह आहे का आणि वेळ कशी मोजतात हे लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी चाक हललं तिथपासून परत थांबेपर्यंत. गजबजलेल्या विमानतळावर धावपट्टीच्या तोंडाशी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबलात तर १५,०००च्या दराने अडीच हजार रुपये गेले. लॉगबुकात तास भरतो, हाताला काही येत नाही. लहान, मोकळ्या धावपट्टीवरचा दर थोडा जास्त असला तरी एकूण खर्च कमी पडू शकतो. ग्राउंड क्लास, गणवेश, लँडिंग शुल्क, परीक्षेचं उड्डाण, रेडिओचा परवाना : यातलं काय वेगळं आहे तेही कागदावर घ्या. विद्यापीठाची बी.एस्सी. एव्हिएशन ही पदवी आहे, तिच्या फीत उड्डाणाचे तास येतीलच असं नाही.

इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्तांतल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली होती. जागा थोड्या असतात. कर्ज काढण्याआधी महाज्योती आणि तिच्यासारख्याच बार्टी, सारथी या संस्थांच्या जाहिराती पाहाव्यात.

प्रश्न : परीक्षा संपल्यावर मे महिन्यात शिकायला सुरुवात करू का?

उत्तर : सुट्टी आहे म्हणून सगळे मेमध्येच येतात, आणि तो सर्वांत वाईट महिना. पुढे जून ते सप्टेंबर ढग खाली आलेले, म्हणजे पाच तास झाले की खंड. मेमधली हवाही महाग पडते. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, पण ४४ अंशांत तिथली हवा पावणेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. विमान जास्त धावतं, कमी चढतं. सेसना १५२चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान ५१५च्या आसपास, भरलेल्या टाकीतलं इंधन ६७. माणसांना उरले १७५ किलो. विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर दोघंही नव्वद किलोचे असतील तर टाकी पूर्ण भरता येत नाही.

मेमध्ये मेडिकल करा, पावसाळ्यात लेखी उरका. दिवाळीनंतर सुरू करा. फेब्रुवारीपर्यंत हवा शांत असते. सकाळचं धुकं मात्र एखाद-दुसरा दिवस खातं.

प्रश्न : अमेरिकेत एम.एस. करतोय. इथे शिकणं स्वस्त म्हणतात. विद्यार्थी व्हिसावर चालतं का?

उत्तर : पूर्ण वेळचं शिक्षण सांभाळून छंद म्हणून शिकणारे बरेच आहेत. तरी आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. परदेशी नागरिकाला पहिलं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसए या तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची मंजुरी लागते. अर्ज विमानाचा पहिला धडा ठरवण्याआधी करा. ओळखीपुरतं एखादं डिस्कव्हरी फ्लाइट त्याशिवाय करता येतं.

व्यावसायिक शाळेपेक्षा विद्यापीठाचा किंवा गावातला फ्लाइंग क्लब पाहा. सभासद विमान वाटून वापरतात, मासिक वर्गणी असते आणि तासाचा दर कमी. बऱ्याच क्लबांत वेळ टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या मीटरवर मोजतात. जमिनीवर इंजिन मंद चालू असताना तो सावकाश सरकतो, म्हणजे थांबण्याचे पैसे कमी. क्लबच्या विम्यात विमानाचं नुकसान झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार तो आकडा वाचून सही करा.